मी मुसकं नाही!

मी तारेची एक वाकलेली जाळी आहे. अलिबागच्या एका दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीतल्या टेबलावरच्या काचेच्या वाटीत माझा मुक्काम असतो. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी एक उसासा टाकतात. मी उसासा टाकणार नाही. मला आज राग आला आहे, आणि रागातच सांगणार आहे.

झालं असं. आज सकाळी थळहून बुधाजी नावाचे एक आजोबा आपल्या नातीला घेऊन आले. पोर चार-पाच वर्षांची. अंगठा तोंडात, डोळे खाली. डॉक्टर आत एका मुलीचे दात बघत होत्या. बुधाजींना वाट बघायचा कंटाळा आला असावा. त्यांनी वाटीत हात घातला, मला दोन बोटांत उचललं आणि त्या चिमुरडीच्या नाकासमोर नाचवलं.

"बघितलंस काय? आंगठा तोंडात गेला का हे काटे लावायचे तोंडात. कचकन टोचतील. लावू?"

पोरीने अंगठा तर काढलाच, पण दोन्ही हात फ्रॉकच्या आत लपवले आणि ओठ असे घट्ट मिटले की तिच्या तोंडातला घास काढायला कुणी आलं आहे असं वाटावं.

काटे! मला काटे आहेत? या, बघा मला हातात घेऊन. माझी एकेक तार गोल वळवलेली आहे. घडवली तेव्हा टोक म्हणून कुठेही उघडं नव्हतं. माझ्या कारागिराने मला घासून घासून इतकं गुळगुळीत केलं की जिभेला मी शहाळ्यातल्या मलईसारखी लागावी. आणि मला काटे म्हणतात! भीती दाखवायला माझा उपयोग करतात! म्हणून म्हणते, माझी गोष्ट ऐकाच.

माझा जन्म पेणचा. पेणमध्ये प्लॅस्टर म्हटलं की लोकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात. गुणाजी नावाच्या माझ्या कारागिराच्या हातात मात्र प्लॅस्टरचे दात असतात. मुलांच्या तोंडाचे साचे त्याच्याकडे येतात आणि त्या साच्यांवर तो तारा वळवतो. माझ्यासाठी आलेला साचा त्याने उजेडात धरला आणि म्हणाला, "अरे, ही मुलगी पेरू कसा खात असेल?" कारण त्या साच्यात मागचे दात मिटले तरी पुढचे मिटत नव्हते. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये एक गोल फट होती. बरोबर एका अंगठ्याएवढी.

गुणाजीने मागच्या दाढांसाठी दोन कडी केली. त्यांना जोडणारी तार टाळूच्या कमानीसारखी वाकवली आणि पुढच्या दातांच्या मागे येतील अशी तारेची लहान वेटोळी उभी केली. तेवढीच मी. माझं कामही तेवढंच. अंगठा तोंडात गेला की तो टाळूला टेकू द्यायचा नाही. टाळूला टेकला नाही की चोखण्यातली मजा जाते. मी टोचत नाही, चावत नाही, ओरडत नाही. शेताच्या बांधावर कुंपण असतं ना, तशी मी नुसती उभी असते.

आता ज्या मुलीसाठी मला घडवलं तिच्याबद्दल सांगते. तिचं नाव रुचिता. दुसरीत शिकणारी. पेणहून अलिबागकडे येताना खाडीच्या काठाला एक आगरी गाव लागतं, तिथे तिचं घर. वडील शिवदास स्वतःचा ट्रेलर चालवतात. आई कल्पिता शिवणकाम करते. आजी सोनूबाई म्हणजे पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आगरी लग्नात विधी चालू असताना जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. सोनूबाईंचा आवाज असा की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले पुरुषही विडी खाली ठेवतात.

रुचिता तान्ही असल्यापासून उजवा अंगठा चोखायची. तान्ह्या मुलांचं ठीक आहे, त्यांना त्याने बरं वाटतं आणि बहुतेकांची सवय आपोआप सुटते. हिची सुटली नाही. मग घरच्यांनी काय करावं? आधी कडुलिंबाचा पाला वाटून लावला. मग आजीने मिरचीचं बोट लावलं. झोपेत त्याच अंगठ्याने पोरीने डोळा चोळला आणि सगळं घर तिच्या डोळ्यावर पाणी मारत बसलं. तरी शहाणपण आलं नाही. मग अंगठ्याला चिंधी बांधली. चिंधी ओली व्हायची आणि वास यायचा, म्हणून शाळेत तिच्या शेजारी कुणी बसेना. मित्रांनो, एवढे सगळे उपाय झाले, पण त्या मुलीला एकदाही कुणी विचारलं नाही, "बाळ, तुला सोडायचाय का अंगठा?"

आणि तिला सोडायचा होता! त्याला कारण होतं.

त्या घरची एक रीत आहे. हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाला पहिली हळद करवली लावते, तीही उजव्या अंगठ्याने, कपाळाच्या मधोमध. मागच्या वर्षी चुलत आत्याच्या घरी हळद होती. लहान मुलींनी मागाहून हळद लावायची होती. रुचितानेही हात पुढे केला, तर सत्यवती नावाच्या नात्यातल्या एका आजीने तो मधेच धरला. "थांब गो! तुजा आंगठा उष्टा हाय. उष्ट्या हाताने हलद न्हाय लावायची." सगळ्या बायका हसल्या. रुचिताने हात मागे घेतला आणि, सवयच ती, तोच अंगठा तोंडात घातला. मग तर आणखी हसल्या.

यंदा तिच्या सख्ख्या काकाचं, प्रज्योतचं, लग्न ठरलं. करवली कोण? रुचिता. आता कळलं, तिच्यासाठी केवढी गोष्ट होती ती?

म्हणून आईने तिला दवाखान्यात आणलं तेव्हा काय झालं ते ऐका. मी त्या वेळी नव्हते, पण डॉक्टर मृणाल हा किस्सा येणाऱ्याजाणाऱ्या आयांना सांगतात, म्हणून मला पाठ आहे. डॉक्टरांनी आधी काही महिने नुसत्या गप्पा मारून पाहिल्या, अंगठा कधी जातो ते तिलाच ध्यानात ठेवायला सांगितलं. सवय कमी झाली, सुटली नाही. मग त्यांनी साच्यावर बसवलेली नमुन्याची एक जाळी तिच्या हातात दिली आणि विचारलं, "ही बसवायची का? आणि कुणासाठी? आईसाठी, आजीसाठी, की तुझ्यासाठी?"

रुचिताने जाळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "हळदीसाठी."

"चालेल," डॉक्टर म्हणाल्या.

अशी मी रुचिताच्या तोंडात गेले. सिमेंटने माझी कडी दाढांवर घट्ट बसली. पहिले काही दिवस आम्हा दोघींनाही जड गेले, ते लपवत नाही. तिला लाळ फार सुटायची. 'स' म्हणताना आधीच वाजणारी शिट्टी आणखी मोठी झाली. सुकटीची चटणी खाल्ली की माझ्यात अडकायची आणि ती चूळ भरून भरून दमायची. पण ती रोज ब्रशने मला घासायची, चिक्कीला हात लावायची नाही आणि आरशात बघून मला म्हणायची, "थांब हां, आपल्याला हळदीपर्यंत जायचंय." मित्रांनो, माझ्यावर एवढी माया पुन्हा कुणी केली नाही.

अंगठा यायचा. सवयीने यायचा, टीव्ही बघताना, कंटाळा आला की, आई रागावली की. यायचा, माझ्यापाशी थबकायचा, आणि रुचिताच्या ध्यानात यायचं. ती तो काढून फ्रॉकला पुसायची. पुढे पुढे तो ओठापर्यंत येऊनच परत जायला लागला. अंगठ्यावरचा पांढरा घट्टा सुकून निघाला. काम चांगलं चाललं होतं.

पण घरच्यांनी माझं बारसं काय करून ठेवलं होतं, ठाऊक आहे? मुसकं! मळणीच्या वेळी बैलाने धान्याला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात, ते मुसकं. प्रज्योतकाका कामावरून आला की ओट्यावरूनच हाक मारायचा, "काय गो मुसकेवाली, आज चारा खाल्लास काय?" घरचे ऐकून हसायचे. मग गल्लीतली पोरं म्हणायला लागली. मग शाळेतली. बैलाला कुणी विचारून मुसकं बांधतं का? मला तर तिला विचारून बसवलं होतं! तिने हो म्हटलं होतं! हा फरक एवढ्या मोठ्या माणसांना कळू नये?

हळद तोंडावर आली. अंगणात मांडव पडला, शूटिंगवाला जागा बघून गेला. त्या दुपारी प्रज्योतने रुचिताला हसायला लावून मोबाइलमध्ये फोटो काढला आणि तो भावाला दाखवला. "दादा, हे बघ. करवली हसली का दुकानाचं शटर दिसतंय."

शिवदासने फोटो बघितला. त्याच्या मनाला ते लागलं. "एवढा खर्च करून शूटिंग, आणि पोरीच्या तोंडात लोखंड. काढून टाकू."

"डॉक्टरांना फोन करते," कल्पिता म्हणाली. फोन केला तर दवाखाना त्या दिवशी बंद.

"कशाला पायजे डॉक्टर? मी अख्खा ट्रेलर खोलून परत जोडतो. ही दोन कडी मना निघणार न्हाईत?"

"आणि तशीही ती माज्याबरोबर धवला गाताना शिट्ट्याच मारतेय," आजी म्हणाली. "काढ. मी डोकं धरते."

आजीने शिट्टीचा दोष मला दिला. शिट्टी माझ्याआधीही होती, त्या अंगठ्याएवढ्या फटीतून येणारी. पण कोण लक्ष देतो?

रुचिता म्हणाली, "नको." पुन्हा म्हणाली, "बाबा, नको. हळदीपर्यंत ठेवायचीय."

मित्रांनो, त्या घरात रुचितावर जीव टाकणारी माणसं होती. एकाच्याही मनात वाईट नव्हतं. पण तिचं 'नको' एकाच्याही कानात शिरलं नाही.

शिवदासने पक्कड आणली. ट्रेलरची, ग्रीसचा वास येणारी, नट पिळायची पक्कड. ती त्या एवढ्याशा तोंडात शिरली आणि तिने माझं कडं चावलं. मी धरून राहिले. मला धरून राहायलाच बनवलं आहे. त्याने पिळलं, ओढलं. कडं चेपलं, तार वाकली, त्या वाकलेल्या तारेने तिच्या हिरडीला चीर पाडली. जिने आयुष्यात कुणाला टोचलं नाही, तिला त्या दिवशी टोचायला लावलं! मी बाहेर आले ती रक्ताने माखून.

शिवदासने पक्कड अंगणातच खाली टाकली. "झालं, झालं बाय," असं काहीतरी तो पुटपुटला. प्रज्योत चपलेकडे बघत उभा राहिला. आणि मला त्यांनी कुठे टाकलं? पडवीतल्या नटबोल्टच्या डब्यात. एका गंजलेल्या वायसरशेजारी!

थोड्या वेळाने डबा हलला. रुचिताने मला बाहेर काढलं, पाण्याने धुतलं आणि रुमालाच्या टोकाला बांधलं. मग ती पडवीतच भिंतीला टेकून बसली. रडून दमली होती. आणि रुमालाच्या गाठीतून मी पाहिलं, तो आला. अंगठा. ओठापर्यंत आला, आत गेला, टाळूला टेकला. इतक्या महिन्यांनी त्याला अडवायला कुणी नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं.

ती दचकली. अंगठा काढून तिने त्याच्याकडे पाहिलं, त्या हातावर स्वतःच चढून बसली आणि मोठ्याने हाक मारली, "बाबा! मना डॉक्टरांकडे न्या. आत्ता!"

या वेळी मात्र ऐकलं तिचं. डॉक्टरांनी घरून येऊन दवाखाना उघडला. हिरडी धुतली, औषध लावलं, मग शिवदासकडे वळल्या. "ती नको म्हणाली होती का?"

"हलद तोंडावर आली, डॉक्टर..." शिवदास सांगायला लागला.

"म्हणाली होती की नव्हती?"

"व्हय. म्हणाली होती."

"मग तुम्ही कशाचं ऐकलंत? पकडीचं?"

डॉक्टरांना एवढं रागावलेलं मी त्यानंतर कधी पाहिलं नाही. मला भारी बरं वाटलं. पण पुढचं बोलणं ऐकून माझा धीर सुटला. मी पुन्हा बसण्यासारखी उरले नव्हते. नवी जाळी घडवून, हिरडी भरून आल्यावर बसवायची, म्हणजे लग्न होऊन जाणार.

"मग हळद?" रुचिताने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

डॉक्टर तिच्यासमोर खाली बसल्या. "जाळीने तुझा हात कधी धरून ठेवला होता का? ती आठवण करायची, बाहेर तूच काढायचीस. आता आठवणही तूच करायची."

हळदीच्या दिवशी मी रुचिताच्या परकराच्या नेफ्याला खोचलेल्या रुमालात होते. सोनूबाईंनी धवला सुरू केला. एकदा सुरू झालेला धवला मध्येच तोडत नाहीत, ही धवलारणीची शिस्त. प्रज्योत पाटावर बसला. रुचिताने अंगठा हळदीच्या ताटाकडे नेला, आणि मागच्या वर्षीचाच हात पुन्हा मधे आला.

"अगो, हिला कशाला बसवलीव?" सत्यवती म्हणाली. "हिचा आंगठा उष्टा. आजूबाजूला मोठ्या पोरी न्हाईत काय?"

कुणीतरी हसलं. रुचिताचा अंगठा हवेत तसाच राहिला. ताटाकडेही जाईना, मागेही येईना. मग तो हळूहळू वर यायला लागला. हनुवटीपर्यंत आला. मी रुमालात असून नसल्यासारखी होते. मित्रांनो, त्या क्षणी मला मी तारेची नसून हाडामांसाची असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

आणि धवला थांबला.

अर्ध्या ओळीवर. सगळा मांडव वळून बघायला लागला. सोनूबाई उठल्या, नातीजवळ आल्या. त्यांनी तो अंगठा आपल्या हातात घेतला. याच अंगठ्याला त्यांनी मिरची लावली होती. त्यांनी तो उजेडात धरून नीट बघितला. कोरडा. स्वच्छ. घट्ट्याचा मागमूस नाही.

"सत्यवती, याला उष्टा म्हणतेस? तुज्या हातावर तंबाकू हाय, तो बघ आधी."

मग त्या नातीकडे वळल्या, आणि जे त्या घरात कुणी कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्यांनी विचारलं.

"बाय माजे, तू सांग. लावशील हलद?"

रुचिताने मान वर केली. "लावीन."

तिने अंगठा हळदीत बुडवला आणि काकाच्या कपाळाच्या बरोबर मधोमध टेकवला. सोनूबाईंनी धवला सोडलेल्या ओळीपासून पुन्हा उचलला. रुचिता त्यांच्याबरोबर गात होती, शिट्टीसकट. आणि हळद लावता लावता काकाच्या कानाशी वाकून म्हणाली, "काका, उद्या मुंडावळ्या बांधतील ना? मग मुसकं तुला!"

प्रज्योत आधी कसानुसा झाला. मग असा हसला की हळद डोळ्यात गेली. "बांध गो बाय, बांध. मना तर पायजेच." त्यानंतर त्या घरात तो शब्द कुणी रुचितासाठी वापरला नाही.

लग्न झाल्यावर गुणाजीने माझी धाकटी बहीण घडवली. अंगठा सुटला तरी काही महिने जाळी ठेवावी लागते, सवय परत येऊ नये म्हणून. या वेळी शिवदासने स्वतः लेकीला विचारलं, "बसवायची?" ती हो म्हणाल्यावरच त्याने गाडी काढली. मला रुचिताने डॉक्टरांना देऊन टाकलं. "ही इतर मुलांना दाखवा," म्हणाली. दाखवा म्हणाली होती, मित्रांनो. भिववा नव्हे.

म्हणूनच आज बुधाजींच्या बोटांत लोंबकळताना माझा संताप झाला. पण आत डॉक्टर जिचे दात बघत होत्या ती मुलगी कोण असेल? रुचिताच! माझ्या बहिणीला कायमची रजा द्यायला आली होती. ती खुर्चीवरून उठून बाहेर आली. पुढचे दात जवळजवळ मिटायला लागले आहेत तिचे. तिने आजोबांपुढे हात केला.

"द्या ती इकडे. ती घाबरवायला नसते."

आणि मला त्या चिमुरडीसमोर धरून ती खाली बसली. "ही बघ. माझ्या तोंडात होती. फक्त इथे टोचंल, कारण इथे वाकवलीय. हात लावून बघतेस?"

फ्रॉकमधून एक हात बाहेर आला. मग मी त्या छोट्याशा तळव्यावर होते. अजून तिथेच आहे. तळवा ओलसर आहे आणि अंगठ्यावर तसाच पांढरा घट्टा.

"अगो पण मग हिचा आंगठा सुटंल कसा?" बुधाजी कुरकुरले.

"तिला विचारा की, आजोबा."

मोठ्या माणसांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर एवढंच मागते. मुलाच्या तोंडात मिरची, चिंधी, तार, काहीही घालण्याआधी, आणि त्यातून काहीही ओढून काढण्याआधी, त्याच तोंडातून उत्तर येऊ द्या. आणि मुलांनो, तुमच्या तोंडात माझी एखादी बहीण असेल तर तिला रोज घासा. कुणी मुसकं म्हणालं तर त्याला सांगा, मी हो म्हटलं होतं.

बुधाजींनी घसा खाकरला. खाली वाकले. "बाय, तुला... तुला सोडायचाय काय आंगठा?"

पोर माझ्याकडे बघते आहे. विचार करते आहे. रुचिता काही बोलत नाही, डॉक्टर दारात उभ्या आहेत, आजोबा वाकलेलेच आहेत.

थांबू या, मित्रांनो. तिला हवा तेवढा वेळ घेऊ दे.